ज्वालेत पाणी: गॅस टर्बाइनवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

विदर्भात वीज म्हटली की कोळसा आठवतो. पारस, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही नावे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात, आणि ज्याच्या घरातले कोणी केंद्रावर ठेकेदाराकडे कामाला आहे त्याला बॉयलर, मिल, राखेचा बंधारा हे शब्द शाळेत जाण्याआधीच कळतात. हीच मुले-मुली आयटीआय किंवा डिप्लोमा करून उरणला, गुजरातेत किंवा एखाद्या कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात लागतात, तेव्हा गॅस टर्बाइन त्यांना पहिल्यांदा दिसते. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना पडणारा प्रश्न एकच असतो: लाखमोलाचा गॅस जाळून पेटवलेल्या ज्वालेत हे लोक मुद्दाम पाणी का सोडतात? मी स्वतः पूर्णेच्या काठचा, खारपाणपट्ट्यातला. मलाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर मला तुकड्यातुकड्याने, काही वेळा चुका करून मिळाले. ते येथे क्रमाने मांडत आहे.

एक खुलासा आधीच करतो. गॅस टर्बाइनमधला ‘गॅस’ म्हणजे इंधनाचा गॅस नव्हे, तर पाती फिरवणारा तप्त वायू. ही यंत्रे नाफ्था किंवा डिझेलवरही चालतात, आणि पाण्याची गरज तर अशा द्रव इंधनावर अधिकच भासते.

पाणी कुठे सोडले जाते, ते आधी ओळखा

गॅस टर्बाइनचे तीन भाग लक्षात ठेवा. कॉम्प्रेसर हवा आत ओढून दाबतो, ज्वलनकक्षात त्या हवेत इंधन जळते आणि तयार झालेला तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवून एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. या मार्गावर पाणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी सोडले जाते, आणि नवखा माणूस या तिन्हींची गल्लत हमखास करतो.

पहिले ठिकाण म्हणजे हवा आत येण्याचा मार्ग. तेथे बाष्पीभवनाने हवा थंड केली जाते आणि हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४४ अंश तापमान आणि जेमतेम १५ टक्के आर्द्रता असताना वाळ्याची ताटी ओली केली की कूलरमधून २६-२७ अंशांची हवा येते. टर्बाइनच्या तोंडाशी बसवलेला कूलरही नेमके तेच करतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे कॉम्प्रेसर तितक्याच फेऱ्यांत जास्त वजनाची हवा ओढतो आणि यंत्राची वीज वाढते. ऑगस्टमध्ये घरचा कूलर नुसती चिकचिक करतो, तसाच यंत्राचा कूलरही तेव्हा फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरे ठिकाण कॉम्प्रेसर धुण्याचे. पात्यांवरची धूळ आणि तेलाचा थर काढण्यासाठी अधूनमधून पाणी मारले जाते. त्याचा येथे विचार करायचा नाही.

तिसरे ठिकाण ज्वलनकक्ष. इंधनाच्या नोझलच्या अंगानेच बारीक छिद्रांतून ज्वालेच्या मुळाशी पाण्याचा फवारा सोडला जातो. हा लेख त्याबद्दल आहे. पहिल्या प्रकारच्या पाण्याचा मुख्य हेतू वीज वाढवणे हा असतो, तर या तिसऱ्या प्रकारच्या पाण्याचा मुख्य हेतू धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे, म्हणजे केंद्रावरच्या भाषेत ‘नॉक्स’, कमी करणे हा असतो. वीज वाढते ती ओघाने. जुन्या जेट विमानांत मात्र उलट हिशेब होता: अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बफेकी विमानांच्या जुन्या आवृत्त्या उड्डाणाच्या वेळी जोर वाढवण्यासाठीच इंजिनात पाणी सोडत आणि मागे काळ्या धुराचे लोट सोडत जात.

पाणी ज्वालेत जाऊन काय करते

हवेतला नायट्रोजन एरवी ऑक्सिजनशी सहजासहजी जुळत नाही. ज्वालेचे तापमान सुमारे १५०० अंशांच्या पुढे गेले की मात्र ही जोडणी सुरू होते आणि तापमान वाढेल तशी ती झपाट्याने वाढते. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडून दाखवली. जुन्या पद्धतीच्या ज्वलनकक्षात इंधन आणि हवा आधी न मिसळता ज्वालेतच एकत्र येतात. त्यामुळे संपूर्ण कक्षाचे सरासरी तापमान ११०० अंशांच्या आसपास असले तरी ज्वालेच्या गाभ्यात ते २००० अंशांच्याही वर जाते. नॉक्स तयार होतो तो या गाभ्यात. पाणी तेथेच पोहोचवले की ते उष्णता शोषून वाफ होते, गाभ्याचे टोक बोथट होते आणि नॉक्स उतरतो. पाणी त्या गाभ्यात न पोहोचता कक्षाच्या भिंतीवर पडले तर नॉक्स तर उतरत नाहीच, शिवाय लालबुंद पत्र्याला तडे जातात. म्हणून फवारा किती बारीक आहे आणि कोणत्या कोनात पडतो, याला मोठे महत्त्व आहे.

मात्र इंधनातच नायट्रोजन असेल, तर त्यातून होणारा नॉक्स पाण्याने कमी होत नाही. तसेच आज बनणाऱ्या बहुतेक मोठ्या यंत्रांत हवा आणि गॅस आधी मिसळून पातळ ज्वाला पेटवतात, त्यामुळे गॅसवर चालताना त्यांना पाणी लागतच नाही. द्रव इंधनावर गेले की लागते. तुमचे यंत्र कोणत्या जातीचे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आकड्यांशी ओळख करून घ्या

पाण्याचे प्रमाण नेहमी इंधनाच्या वजनाशी सांगतात. एका किलो इंधनामागे अर्धा ते एक किलो, कधी त्याहून थोडे अधिक पाणी, अशी साधारण मर्यादा असते. एक उदाहरण हातात घेऊ. सुमारे ८० मेगावॅटचे, सेकंदाला ५ किलो गॅस जाळणारे आणि २९० किलो हवा ओढणारे यंत्र आहे, आणि पाण्याचे प्रमाण ०.८ ठेवले आहे. म्हणजे सेकंदाला ४ किलो, तासाला १४.४ टन, दिवसाला सुमारे ३४५ टन पाणी. आपल्या गावात उन्हाळ्यात येणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर रोज साडेचौतीस टँकर. आणि हे पाणी परत मिळत नाही, चिमणीतून वाफ होऊन निघून जाते.

उष्णतेचा हिशेबही करून पाहा. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे ४ किलोला सेकंदाला साडेनऊ मेगाज्यूलच्या वर. आपले ५ किलो इंधन सेकंदाला सुमारे २५० मेगाज्यूल उष्णता देते, त्यातले जवळजवळ ४ टक्के नुसती वाफ करण्यात गेले. त्या वाफेला पुढे ज्वलनकक्षाच्या तापमानापर्यंत तापवायला जवळपास तितकीच उष्णता पुन्हा लागते, पण तिचा काही भाग टर्बाइनमध्ये कामी येतो. वाफ करण्यात गेलेली उष्णता मात्र कायमची गेली. म्हणूनच पाणी सोडल्यावर बेस लोडला, म्हणजे यंत्र तापमानाच्या मर्यादेवर पूर्ण क्षमतेने चालताना, वीज साधारण ३ ते ६ टक्क्यांनी वाढते आणि तरीही प्रत्येक युनिटमागे लागणारे इंधन २ ते ४ टक्क्यांनी महागते. पाण्याऐवजी एक्झॉस्टच्या उष्णतेवर तयार केलेली वाफ सोडली तर हा तोटा होत नाही, मात्र तेवढाच नॉक्स उतरवायला वाफ पाण्यापेक्षा जास्त लागते.

वीज का वाढते? टर्बाइनमधून जाणाऱ्या वायूचे वजन वाढले, पण ते वाढीव वजन दाबायला कॉम्प्रेसरला काहीच कष्ट पडले नाहीत; पाणी पंपाने दाबले, आणि द्रव दाबायला वायूच्या मानाने नगण्य शक्ती लागते. उदाहरणातले पाणी हवेच्या जेमतेम दीड टक्का भरते, तरी परिणाम त्या मानाने मोठा दिसतो, कारण कॉम्प्रेसर हा टर्बाइनच्या कमाईतला निम्म्याहून अधिक वाटा स्वतःच खाऊन टाकणारा घटक आहे.

नॉक्सचा आकडा वाचतानाही एक सवय लावून घ्या. मर्यादा नेहमी १५ टक्के ऑक्सिजन गृहीत धरून, कोरड्या वायूवर सांगितलेली असते. विश्लेषक यंत्र ५० पीपीएम नॉक्स आणि १३.८ टक्के ऑक्सिजन दाखवत असेल, तर २०.९ मधून १५ वजा केले की ५.९, आणि २०.९ मधून १३.८ वजा केले की ७.१. यांचा भागाकार ०.८३, त्याने ५० ला गुणले की साडेएक्केचाळीस. ४२ची मर्यादा असेल तर तुम्ही आत आहात, आणि पाणी वाढवण्याची काहीच गरज नाही. मी ही वजाबाकी न करता पाणी वाढवणारे सिनिअर ऑपरेटरही पाहिले आहेत. गरजेपेक्षा जास्त पाण्याचा दंड ताबडतोब दिसतो: ज्वाला अर्धवट विझू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. नॉक्स खाली आणि कार्बन मोनॉक्साइड वर, या दोन आकड्यांकडे नेहमी जोडीनेच पाहायचे.

पाण्याची परीक्षा

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हा भाग लवकर कळतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी पिकालाही चालत नाही. कूलरच्या ताटीवर एका उन्हाळ्यात मिठाचा इतका जाड थर बसतो की वाळा काडीसारखा तडतड मोडतो. पाणी उडून जाते, त्यातले मीठ जागेवर राहते. ज्वलनकक्षातही हेच घडते, फक्त तेथे मीठ ताटीवर न बसता तप्त पात्यांवर जाऊन बसते.

म्हणून टर्बाइनला लागते ते डीएम पाणी, म्हणजे विरघळलेले क्षार जवळजवळ पूर्ण काढलेले. ‘एक पीपीएम सोडियम म्हणजे काहीच नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला वरचा हिशेब दाखवा: तासाला १४.४ टन पाण्यात एक पीपीएम म्हणजे तासाला १४.४ ग्रॅम, दिवसाला सुमारे ३४५ ग्रॅम, महिन्याला १० किलोच्या वर सोडियम. इंधनात किंवा हवेत थोडे जरी गंधक असले तरी त्याच्याशी जुळून सोडियम सल्फेट बनते, ते ८८४ अंशांना वितळते आणि वितळलेल्या अवस्थेत पात्यांवरचा संरक्षक थर खात सुटते. यालाच तप्त गंज म्हणतात. पात्यावर तो एकदा लागला की धुऊन जात नाही.

शिफ्ट सुरू होताच डीएम पाण्याची विद्युतवाहकता पाहायची. मिक्स्ड बेडमधून, म्हणजे क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या शेवटच्या टाकीतून, निघणारे चांगले पाणी ०.१ ते ०.२ मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते. आमच्या गावच्या विहिरीचे हजारांत मोजावे लागते. पण फक्त वाहकतेवर विसंबू नका. सिलिका पाण्यात असूनही वाहकता फारशी वाढवत नाही, आणि रेझिन थकायला लागले की आधी सिलिकाच निसटते. आपला बराचसा भाग काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि अशा खडकातल्या भूजलात सिलिका भरपूर असते, तेव्हा केमिस्टने दिलेला सिलिकाचा आकडा वेगळा विचारा आणि लॉगबुकात वेगळा लिहा.

डीएम पाणी जितके शुद्ध, तितके भुकेलेही असते. साध्या लोखंडी पाइपला ते गंजवते आणि तो गंज गाळणीत येऊन बसतो. म्हणून ही सगळी लाइन स्टेनलेस स्टीलची असते. दुरुस्तीच्या घाईत त्यात साध्या लोखंडाचा तुकडा कोणी जोडला असेल, तर गाळणीतला तांबूस गाळ तुम्हाला ते सांगेल.

पाणी सुरू करण्याचा क्रम

यंत्र नेहमी कोरडेच सुरू करायचे. ज्वाला पेटताना आणि लोड कमी असताना तिचे तापमान तसेही कमी असते. तेव्हा पाणी सोडले तर नॉक्स वाचत नाही, ज्वाला मात्र विझू शकते. ठरावीक लोडच्या वर गेल्याशिवाय नियंत्रण यंत्रणा पाण्याला परवानगीच देत नाही. हा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो, तो आपल्या केंद्राच्या पुस्तिकेतूनच घ्या.

परवानगी मिळण्याआधी टाकीची पातळी, वाहकता, पंपाच्या तेलाची पातळी आणि गाळणीवरचा दाबफरक पाहून घ्या. पंप आधी त्याच्या परतीच्या लाइनवर चालवा आणि लाइनमधली हवा पूर्ण काढा. हवा काढण्याच्या व्हॉल्व्हमधून पाण्याची सलग, न फुटणारी धार येईपर्यंत थांबा. थुंकल्यासारखे फुसफुस पाणी येत असेल तर आत अजून हवा आहे. मग स्टॉप व्हॉल्व्ह उघडतो आणि कंट्रोल व्हॉल्व्ह हळूहळू पाणी वाढवत ठरलेल्या प्रमाणावर आणतो. हा चढ मंद ठेवलेला असतो, तो हाताने घाईत वाढवायचा नाही.

या काही मिनिटांत डोळे कुठे ठेवायचे, हे महत्त्वाचे. इंधन वाढताना दिसेल, कॉम्प्रेसरच्या निकासाचा दाब थोडा चढेल, नॉक्स एक-दोन मिनिटांनी उतरू लागेल. नॉक्स लगेच उतरत नाही, कारण धुराचा नमुना नळीतून विश्लेषकापर्यंत जायला वेळ लागतो. याच उशिरामुळे पाण्याचे नियंत्रण निव्वळ नॉक्सच्या आकड्यावर कधी सोपवत नाहीत. तसे केले तर व्हॉल्व्ह वरखाली झोके खात राहतो. यंत्रणा आधी इंधनाच्या प्रवाहावरून पाणी ठरवते आणि नॉक्सचा आकडा फक्त हळूहळू बारीक दुरुस्तीसाठी वापरते. इंधनाचे मापन चुकले तर पाणीही चुकते, हे यातून आपोआप निघते.

सर्वांत जास्त लक्ष स्प्रेडकडे द्या. एक्झॉस्टमध्ये गोलाकार बसवलेल्या थर्मोकपलांच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या, वाचनांत जास्तीत जास्त किती फरक आहे, तो स्प्रेड. पाणी सुरू होण्याआधीचा स्प्रेड कागदावर लिहून ठेवा. पाणी स्थिर झाल्यावर तो बराच वाढला, तर कोणत्या तरी कक्षात पाणी कमी किंवा जास्त जाते आहे. एखादे नोझल बुजले असेल तर तो कक्ष इतरांपेक्षा गरम राहतो, आणि एखाद्याचे छिद्र झिजून मोठे झाले असेल तर थंड. मात्र थंड दिसणाऱ्या थर्मोकपलच्या बरोब्बर समोरचा कक्ष दोषी असेलच असे नाही, कारण वायू पात्यांतून जाताना गोल वळत जातो आणि लोड बदलला की हे वळणही बदलते.

नियंत्रण यंत्रणा पाण्याकडे कसे पाहते

नवख्याची सर्वाधिक गडबड येथे होते. पाणी सोडल्यावर काय होईल, याचे उत्तर यंत्र कोणत्या नियंत्रणावर चालले आहे यावर अवलंबून असते.

यंत्र अर्ध्या-पाऊण लोडवर असेल तर गव्हर्नर, म्हणजे वेग आणि लोड सांभाळणारे नियंत्रण, ठरलेले मेगावॅट धरून ठेवतो. पाणी सोडल्यावर मेगावॅट तेवढेच राहतात, इंधन थोडे वाढते आणि ज्वलनाचे तापमान उतरते. यंत्र बेस लोडवर असेल तर मेगावॅट कोणी ठरवून दिलेले नसतात. यंत्रणा तापमानाची मर्यादा गाठेपर्यंत इंधन देत जाते. तेथे पाण्याने तापमान खाली ओढले की यंत्रणा त्याची भरपाई इंधन वाढवून करते, आणि मेगावॅट चढतात. एकच पाणी, पण पडद्यावर दोन वेगळी चित्रे दिसतात.

आता ही तापमानाची मर्यादा कशी मोजतात ते पाहा. ज्वलनकक्षातून टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान ११०० अंश किंवा अधिक असते. तेथे थर्मोकपल टिकत नाही. म्हणून एक्झॉस्टचे तापमान आणि कॉम्प्रेसरच्या निकासाचा दाब या दोन मोजता येणाऱ्या आकड्यांवरून ते ताडतात. दाब जितका जास्त, तितका वायू टर्बाइनमध्ये अधिक प्रसरण पावून अधिक थंड होतो, म्हणून जास्त दाबाला एक्झॉस्टची परवानगी कमी तापमानाची असते. कागदावर काढली तर ही उतरत जाणारी रेषा दिसते. तिला कंट्रोल कर्व्ह म्हणतात.

पाण्याने या रेषेचे गणित दोन बाजूंनी बिघडते. वाढलेल्या वजनामुळे दाब चढतो, म्हणजे रेषेवर आपण खाली सरकतो. शिवाय वाफमिश्रित वायूची उष्णताधारण क्षमता जास्त असल्याने तेवढ्याच प्रसरणात त्याचे तापमान कमी उतरते, म्हणजे ज्वलनाचे तापमान तेच असूनही एक्झॉस्ट अधिक गरम दिसतो. कोरड्या हवेसाठी काढलेलीच रेषा वापरत राहिलो तर यंत्रणेला वाटते की यंत्र फार तापले आहे, आणि ती इंधन आवरते. ज्वलनाचे तापमान प्रत्यक्षात मर्यादेच्या खालीच राहते. पहिल्या ऐकण्यात हा दोष वाटतो. पण वाफमिश्रित वायू पात्यांना उष्णताही जास्त देतो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान थोडे कमी राहिले तर पात्यांच्या धातूचे तापमान पूर्वीइतकेच राहते. पाण्यासाठी वेगळी, वर उचललेली रेषा लावली तर मेगावॅट अधिक मिळतात आणि पात्यांचे आयुष्य घटते. तुमच्या केंद्रावर कोणती रेषा लावली आहे ते विचारा. मेगावॅटच्या शर्यतीत ती गुपचूप बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक मर्यादा दाबाची. निकासाचा दाब चढला की कॉम्प्रेसर सर्जच्या, म्हणजे हवा उलटी फिरण्याच्या, थोडा जवळ सरकतो. ज्वलनकक्षातले पाणी थोडे असल्याने रोजच्या चालण्यात हे जाणवत नाही. वीज वाढवण्यासाठी भरपूर वाफ सोडणाऱ्या यंत्रांत मात्र जाणवते.

पाणी अचानक गेले तर

माझी नोकरी लागून चौथा महिना होता. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. यंत्र बेस लोडवर, पाणी चालू, आणि गाळणीवरचा दाबफरक चढलेला. जोडगाळणी होती: एक चालू, दुसरी राखीव, मध्ये एक हँडल. मला ‘बदलून ये’ असे सांगितले गेले आणि मी हँडल सरळ दुसऱ्या बाजूला फिरवले. राखीव गाळणी स्वच्छ होती, पण रिकामी होती. तिच्या भांड्यातली हवा एका दमात लाइनमध्ये गेली, पाण्याचा प्रवाह क्षणभर कोसळला आणि मागोमाग उसळला. मी परत कंट्रोल रूममध्ये पोहोचेपर्यंत एक्झॉस्ट तापमानाचा अलार्म वाजून गेला होता, स्प्रेड मर्यादेबाहेर गेला होता आणि यंत्र ट्रिप झाले होते.

काय घडले ते नंतर समजले. बेस लोडवर पाणी चालू असताना इंधन कोरड्या चालण्यापेक्षा ७-८ टक्के जास्त असते. पाणी गेले तरी ते जादा इंधन त्या क्षणी जळतच असते, आणि ज्वलनाचे तापमान तत्काळ उडी मारते. एक्झॉस्टच्या थर्मोकपलला हे कळायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ पाती नको तितकी उष्णता सोसतात. म्हणून चांगल्या यंत्रणेत पाण्याचा प्रवाह पडल्याचे कळताच तापमानाची वाट न पाहता इंधन खाली आणले जाते. उलट, अचानक पाणी वाढले किंवा इंधन झपाट्याने कमी झाले आणि पाणी मागे राहिले, तर ज्वाला बुडून विझते. लोड एकदम सुटला, ब्रेकर उघडला, की इंधन किमान पातळीवर कोसळते. म्हणून त्याच क्षणी पाण्याचा स्टॉप व्हॉल्व्ह बंद झालाच पाहिजे. दर मोठ्या बंदकाळात हा व्हॉल्व्ह किती वेळात मिटतो ते मोजून घ्या.

राखीव गाळणी आधी समतोल व्हॉल्व्हमधून हळू भरायची, वरच्या व्हेंटमधून सलग धार आल्यावरच हँडल फिरवायचे, आणि शक्य असेल तर त्याआधी लोड थोडा खाली घ्यायचा. हे तीन शब्दांत सांगता आले असते, पण तेव्हा मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पावसाळ्याचा हिशेब

हवेत आधीच असलेली वाफही नॉक्स कमी करते. नवतप्यातल्या ४४ अंशांच्या कोरड्या हवेत किलोमागे साधारण ९ ग्रॅम वाफ असते, तर ऑगस्टमधल्या २८ अंशांच्या ओल्या हवेत २२ ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला २९० किलो हवा ओढणाऱ्या यंत्रात हा फरक पावणेचार किलो भरतो, म्हणजे आपण सोडत असलेल्या पाण्याइतकाच. ही वाफ सगळ्या हवेत विखुरलेली असते आणि ज्वालेच्या गाभ्यात तिचा थोडाच भाग जातो, म्हणून पाणी तेवढे कमी करता येत नाही. पण काही प्रमाणात नक्कीच करता येते. त्यासाठी यंत्रणा आर्द्रतेचे माप घेऊन पाण्याचे प्रमाण दुरुस्त करते. हा आर्द्रतामापक बिघडला तर पाणी वर्षभर एकाच मापाने जात राहते आणि पावसाळ्यात कार्बन मोनॉक्साइड का चढतो, हे कोणाला कळत नाही. तोंडाशी कूलर बसवलेला असेल तर आर्द्रता त्याच्या पुढे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाजूला मोजली जाते की नाही तेही पाहा.

बंद करताना आणि उघडल्यावर

लोड उतरवताना आधी पाणी, मग इंधन. पाणी पूर्ण थांबल्यावर नोझलपर्यंतची लाइन पर्ज हवेने मोकळी केली जाते, नाहीतर ज्वलनकक्षातला तप्त वायू त्या रिकाम्या लाइनमध्ये उलटा शिरतो. पर्जचा व्हॉल्व्ह उघडल्याचा नुसता दिवा पाहू नका, दाबमापक पाहा.

पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे ज्वलनकक्ष कोरड्यापेक्षा लवकर उघडून तपासावे लागतात, कारण पाण्यामुळे ज्वालेची धडधड वाढते आणि पत्रे, जोड, क्लिपा झिजतात. पहिल्यांदा अशा तपासणीला उभे राहाल तेव्हा बॅटरी घेऊन लायनरच्या, म्हणजे ज्वलनकक्षाच्या आतल्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला, नोझलच्या समोरच्या भागात केसासारखे तडे शोधा. मग नोझल हातात घ्या. पाण्याच्या छिद्रांच्या कडा एकसारख्या गोल आहेत का, एखादे छिद्र अंडाकृती झाले आहे का, ते भिंगातून पाहा. छिद्राभोवती नखाने खरवडून निघणारे पांढरे कडे दिसले, तर नोझल लगेच धुवायला देऊ नका. आधी त्याचा फोटो काढा, खरवडलेले कण पिशवीत बांधून केमिस्टकडे द्या, आणि मागच्या तपासणीपासूनचे सोडियम व सिलिकाचे आकडे लॉगबुकात उघडून त्याच्या शेजारी बसा.